हिवाळ्यात जिओकॅशिंगसाठी कोणता हँडहेल्ड जीपीएस घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला साताऱ्यात, डिसेंबर-जानेवारीत यवतेश्वर-महाबळेश्वर भागात कॅश (म्हणजे कोणीतरी लपवून ठेवलेले आणि जीपीएसच्या आकड्यांवरून हुडकायचे डबे; हाच जिओकॅशिंगचा खेळ) शोधायचे आणि जमलं तर तेच युनिट घेऊन उत्तराखंडातल्या केदारकंठ्याचा बर्फातला ट्रेक करायचा. गार्मिनचं टचस्क्रीन घ्यावं की बटणांचं?

बटणांचं घ्या. डबल-ए सेलवर (भिंतीवरच्या घड्याळात घालतो तेच) चालणारं घ्या, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक कंपास असू द्या. गार्मिनचं ईट्रेक्स ३२एक्स या तिन्ही अटींत बसतं. जास्त पैसे घालायची तयारी असेल तर जीपीएसमॅप ६५एस. नवं नाही मिळालं तर वापरलेलंही चालेल.

साताऱ्याच्या थंडीची मात्र काळजी नको. वेण्णा लेकच्या काठी गवतावर हिमकण जमले की पेपरात फोटो येतात, पण युनिटाला त्याचं काहीच वाटत नाही. त्याची मर्यादा उणे २० अंशांची आहे. आपल्याकडे त्रास देतात ते कडे. अजिंक्यताऱ्याच्या कातळाखाली उभं राहिलं की अर्धं आकाश झाकलं जातं आणि उरलेले सिग्नल कातळावर आपटून उशिरा पोचतात. मोकळ्या पठारावर ३ ते ५ मीटरांत असलेली चूक तिथे सहज १५-२० मीटरांवर जाते. ६५एस हे एल१ आणि एल५ अशा दोन फ्रिक्वेन्सींवर सिग्नल घेतं, त्यामुळे कड्याखाली ते उजवं ठरतं. पठारावरच फिरणार असाल तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

ईट्रेक्स २२एक्स स्वस्त आहे, पण त्यात कंपास नाही. चालत असता तोवर बाण बरोबर असतो. थांबलात की भरकटतो. आणि कॅशच्या शेवटच्या दहा मीटरांत आपण थांबत, वाकत, दगड चाचपतच फिरतो. कंपास असला तरी सेल बदलल्यावर, तापमानात मोठा फरक पडल्यावर आणि लांबच्या प्रवासानंतर तो पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो, म्हणजे त्याच्या दिशा नव्याने जुळवाव्या लागतात. थंडीत सेल वरचेवर बदलले जातात, तेव्हा हे आठवणीने करा. करताना मोबाईल आणि गाडी दोन्हींपासून लांब उभे राहा.

आता सेल, कारण थंडीत सगळ्यात आधी मान टाकतात ते हेच. साध्या अल्कलाइन सेलमधलं द्रावण पाण्याचं असतं. गारठ्यात त्यातली रासायनिक क्रिया मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो. तुम्ही बॅकलाइट लावता, करंट एकदम वाढतो, व्होल्टेज कोसळतं आणि ‘निम्मी बॅटरी’ दाखवणारं युनिट पटकन बंद पडतं. असा सेल लगेच फेकू नका. पाच मिनिटं मुठीत किंवा काखेत धरला की बऱ्याचदा पुन्हा चालतो.

साताऱ्यात फिरायला निकेल-मेटल हायड्राइड रिचार्जेबल सेल उत्तम आणि स्वस्त पडतात. बर्फासाठी १.५ व्होल्टचे लिथियम सेल न्या. ते रिचार्ज होत नाहीत आणि महाग असतात, पण उणे ४० पर्यंत काम करतात. वजनाला साधारण १५ ग्रॅम, म्हणजे अल्कलाइनपेक्षा हलके. ऐनवेळी दुकानात मिळतीलच असं नाही, आधीच मागवून ठेवा. मागवताना पाकिटावर १.५ व्होल्ट लिहिलंय ना, हे डोळ्यांनी वाचा. त्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे १४५०० नावाचे सेल मिळतात. ते दोन घातले की ३ ऐवजी ७.४ व्होल्ट जाऊन युनिट जळू शकतं. सेलचा प्रकार बदलला की सिस्टीम सेटिंगमध्येही बदला, नाहीतर बॅटरीच्या काड्या खोटं सांगतात. जादा जोडी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा, सॅकच्या वरच्या कप्प्यात नको.

घरच्या घरी चाचणी हवी असेल तर फ्रीझर आहेच. युनिट डेमो मोडवर टाका, बॅकलाइट चालू ठेवा, हवा काढलेल्या झिपच्या पिशवीत बंद करून तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. अल्कलाइन आणि लिथियमचा फरक तिथेच कळेल. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका: दव पिशवीवर जमू दे, युनिटवर नको. तंबूत शिरतानाही हीच पिशवी वापरायची.

टचस्क्रीन जाड हातमोज्यांना दाद देत नाही, एवढं त्याच्याबद्दल पुरे. जीपीएसमॅप ६७ ची आतली बॅटरी १८० तासांची आहे, त्यामुळे मोह होतो. पण ती बदलायला सुटी जोडी नेता येत नाही, आणि अशी लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली चार्ज करू नये. ६६आय, ६७आय ही उपग्रहावरून मेसेज पाठवणारी मॉडेल्स भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. ती सोडूनच द्या.

युनिट हातात आलं की पोझिशन फॉरमॅट अंश आणि दशांश मिनिटांवर ठेवा, डेटम (आकडे ज्या मोजणी-पद्धतीवर बेतलेले असतात ती) डब्ल्यूजीएस ८४. कॅशचे आकडे असेच असतात: उ १७° ४०.५००. तिसऱ्या दशांशाचा एक आकडा म्हणजे जेमतेम १.८५ मीटर. पण .५०० ला कोणी ५० सेकंद समजलं तर गाडी सहाशे मीटर उत्तरेला जाते, कारण ४०.५ मिनिटं म्हणजे ४० मिनिटं ३० सेकंद.

साताऱ्याहून थेट उत्तराखंडात गेल्यावर पहिल्यांदा चालू करताना मोकळ्या आकाशाखाली काही मिनिटं ठेवा. पूर्ण अल्मनॅक (कोणता उपग्रह कधी कुठे असेल याचं वेळापत्रक) उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. अशा नव्याने सुरू होण्याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात, पण त्याचा थंडीशी काडीचा संबंध नाही.

वापरलेलं युनिट घेणार असाल तर आधी सेलचा कप्पा उघडून बघा. स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर दिसला, म्हणजे कधीतरी सेल आत गळलाय. झाकणाचं रबर चिरलं असेल तर पावसाळ्यात ते युनिट बाहेर काढायचं नाही. आणि ईट्रेक्सची छोटी जॉयस्टिक चारही दिशांना आणि दाबून, हातमोजा घालूनच तपासा.