होडीवरचा आवाज

प्रश्न : दिवाळे कोळीवाड्यातल्या आमच्या होडीवर जुन्या गाडीतले स्पीकर लावलेत. पावसाळ्यानंतर आवाज चिरका येतो. नारळी पौर्णिमेआधी मोठा ॲम्प्लिफायर घेऊ का?

उत्तर : ॲम्प्लिफायर राहू द्या, भाऊ. चिरक्या स्पीकरला जास्त ताकद दिली की तो जास्तच चिरकतो. गाडीच्या स्पीकरचा कागदी पडदा खाऱ्या दमट हवेत फुगतो. बोटीसाठी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या पडद्याचे, रबरी कडेचे मिळतात, ते घ्या. वायर कथील चढवलेल्या तांब्याची. साधी तार आतून हिरवी पडते आणि शिव्या खातो ॲम्प्लिफायर! फ्यूज बॅटरीला लागूनच. गाण्यांना १२ व्होल्टची वेगळी बॅटरी ठेवा, नाहीतर भर खाडीत नाचून झाल्यावर इंजिनच उठायचं नाही. होकायंत्र असेल तर स्पीकर लांब लावा, चुंबकाने सुई भरकटते.