जर्मन शिकायला दोन महिने बर्लिनला जातोय. वर्ग सुटल्यावर शहर कसं फिरावं, म्हणजे भाषाही सुधारेल? कोणता पास घ्यावा?

तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या घरातला दहा वर्षांचा वाद पुन्हा वर आला, म्हणून लिहायला बसले.

2015 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मी बर्लिनला बी1 चा कोर्स केला. त्याआधीची पायरी, ए2, पुण्यात झाली होती. फीचे अर्धे पैसे माझ्या थोरल्या भावाने भरले होते, त्यामुळे परत आले त्या रात्री जेवतानाच त्याने हजेरी घेतली. टीव्ही टॉवरवर गेलीस? नाही. रायश्टागचा, म्हणजे संसदेचा, घुमट? नाही. म्युझियम आयलंड? एकदा, पाऊस लागला म्हणून. "मग दोन महिने केलंस काय तिथे?" हे वाक्य अजूनही घरात निघतं, लग्नकार्यात पाहुण्यांसमोरसुद्धा. दादाचं म्हणणं असं की भाषा वर्गात शिकायची असते आणि शहर बघायचं असतं. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

स्पष्ट सांगते. पहिला महिनाभर प्रेक्षणीय स्थळांच्या मागे लागू नका. ब्रांडेनबुर्ग गेटपाशी उभं राहून तुम्ही जर्मनमध्ये तोंड उघडलंत तरी समोरचा इंग्रजीतच उत्तर देणार. एक वस्ती धरा आणि तीच पायाखाली घाला. दिसेल ती पाटी वाचा.

मी शोनेबर्गमध्ये बायरिशर प्लाट्सच्या जवळ खोली घेऊन राहत होते. यू4 ही बर्लिनच्या मेट्रोची सगळ्यात छोटी लाइन, पाचच स्टेशनं, त्यातलं मधलं हे. युद्धाआधी इथे ज्यू कुटुंबांची मोठी वस्ती होती, आइनस्टाइनही 1933 पूर्वी इथल्याच हाबरलांडश्ट्रासेवर राहायचे. आज या गल्ल्यांतल्या दिव्याच्या खांबांवर 80 पाट्या आहेत, 1993 मध्ये लावलेल्या. एका बाजूला साधं चित्र, पाव किंवा मांजर किंवा बाक, आणि दुसऱ्या बाजूला नाझी काळातला एखादा नियम, एका वाक्यात. पावाच्या चित्रामागे लिहिलंय की ज्यूंना फक्त दुपारी 4 ते 5 याच वेळात खाण्याचे जिन्नस विकत घेता येतील. ते साल 1940 चं. मांजराच्या मागे, ज्यूंना यापुढे पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत. ते 1942 चं.

त्याच आठवड्यात वर्गात आम्हाला 'ड्युर्फन' हे क्रियापद शिकवलं होतं, म्हणजे मुभा असणं. इथे सिगारेट ओढायला मुभा नाही, इथे गाडी लावायला मुभा नाही, असली वाक्यं आम्ही पानभर लिहिली होती. तेच क्रियापद त्या खांबांवर वाचलं आणि मी पुढे चालूच शकले नाही. ते रूप मला पुन्हा कधी पाठ करावं लागलं नाही.

आता 9 नोव्हेंबरची गोष्ट. त्या वर्षी ती धनत्रयोदशी होती. सकाळी आईचा फोन आला, ती चिंच लावून समई घासत बसली होती. दुपारी वर्गातून येताना फुटपाथवर एक आजी गुडघ्याखाली उशी घेऊन वाकलेल्या दिसल्या. त्याही पितळच घासत होत्या. फुटपाथच्या दगडांमध्ये बसवलेले पितळी मुखाचे चौकोन, साधारण 10 सेंटिमीटरचे. त्यांना श्टोल्परश्टाइन म्हणतात, म्हणजे ठेच लागायचा दगड. गुंटर डेमनिग या कलाकाराची ही कल्पना. ज्यांना नाझींनी नेलं त्यांच्या शेवटच्या राहत्या घरासमोर हे दगड बसवतात. 9 नोव्हेंबर हा 1938 च्या त्या रात्रीचा दिवस, ज्या रात्री ज्यूंची सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळं, जाळली गेली आणि दुकानं फोडली गेली, म्हणून त्या दिवशी अनेक लोक आपापल्या दारातले दगड घासतात.

मी थांबले. मदत करू का, हे वाक्य मनात दोनदा जुळवून मग विचारलं. त्यांनी काही न बोलता दुसरं फडकं दिलं. ट्यूबमधली पेस्ट लावायची, काळं निघेपर्यंत घासायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं. अक्षरांच्या खाचांतला मळ त्या जुन्या टूथब्रशने काढत होत्या. माझ्यासमोरचा दगड एका बाईंचा होता. 'इथे राहत होत्या', खाली नाव, मग 'गेब.' आणि एक आडनाव. ते काय, विचारलं, तर म्हणाल्या, 'गेबोरेने', माहेरचं आडनाव. मग जन्मसाल, कुठल्या साली नेलं ते, आणि आउशविट्स, नाझींची ती मृत्युछावणी.

मी माझ्या ए2 च्या जर्मनमध्ये विचारलं, "त्या तिथे वारल्या का?" आजींनी मान वर केली. "नाइन. निश्ट गेश्टोर्बेन. एरमोर्डेट." वारल्या नाहीत. मारल्या. आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. माझ्या फडक्याखाली तोच शब्द चकाकत होता.

नंतर त्यांनी मला बुधवारी कॉफीला बोलावलं. वेळ सांगितली 'द्रायफिर्टेल फिअर'. मी मनात इंग्रजीत हिशेब मांडला, चार आणि वर पाऊण, म्हणजे पावणेपाच. आईने बांधून दिलेल्या शंकरपाळ्या घेऊन बरोब्बर पावणेपाचला दार वाजवलं. बाहेर अंधार पडला होता. टेबलावर दोन कप मांडलेले, एक रिकामा झालेला. त्या तासभर वाट बघत बसल्या होत्या. रागावल्या नाहीत. भिंतीवरचं घड्याळ खाली काढलं आणि काट्यावर बोट फिरवून दाखवलं. 'फिर्टेल फिअर' सव्वातीन, 'हाल्ब फिअर' साडेतीन, 'द्रायफिर्टेल फिअर' पावणेचार. जुने बर्लिनकर असंच बोलतात, चौथा तास किती भरला ते सांगतात.

मला वाईट याचं वाटलं की आपण पावणेचार म्हणतो तेव्हा चारच म्हणतो की. मराठीतून विचार केला असता तर चुकलेच नसते. आकड्यांचंही तेच आहे. जर्मनमध्ये 45 म्हणताना पाच आधी आणि चाळीस नंतर, आपलं पंचेचाळीस तसंच. इंग्रजीवरून येणारे तिथे अडखळतात, तुम्ही अडखळायचं काही कारण नाही. माइबाखउफरच्या तुर्की बाजारात मंगळवारी किंवा शुक्रवारी जा, भाजीवाले भाव ओरडत असतात, तास-दीड तासात आकड्यांचा कान तयार होतो. मात्र साडेतीन आणि सव्वातीनला सांभाळा, तिथे आपण तीन म्हणतो आणि ते चार म्हणतात.

त्या दिवसानंतर परत येईपर्यंत मी दर बुधवारी त्यांच्याकडे गेले. वर्गात दोन महिन्यांत जेवढं बोलले नसेन तेवढं त्या स्वयंपाकघरात बोलले. दादा, मी हे केलं तिथे.

बाकी तुम्ही विचारलंय ते. तिकिटांसाठी बर्लिनचे ए, बी, सी असे तीन झोन आहेत. पास एबी झोनचा पुरतो, फक्त विमानतळ सी मध्ये आहे. देशभर फिरायचं असेल तर डॉइचलंडटिकिट हा महिन्याचा पास घ्या, पण ते दर महिन्याला आपोआप चालू राहतं, 10 तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे जातात. रिंगबान या लोकलमध्ये एकदा बसा, एस41 किंवा एस42, तासाभरात शहराला वळसा पडतो आणि स्टेशनांच्या घोषणा ऐकून उच्चार बसतात. फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे मोठ्यांसाठीच्या सार्वजनिक शिक्षणकेंद्रात, स्वयंपाकाचा, शिवणाचा असा एखादा छोटा वर्ग मिळाला तर भाषेच्या वर्गापेक्षा जास्त शिकाल. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भरा. आणि पाव मागताना 'श्रिपे' म्हणा, बेकरीवाल्या बाईचा चेहरा बदलतो.

एक मान्य करते. मला त्या आजी भेटल्या हा योग होता, प्रत्येकाला भेटतीलच असं नाही, आणि अनोळखी माणसाच्या घरी जाताना कुणाला तरी कळवून जा. नोव्हेंबरमध्ये साडेचारला अंधार होतो, त्यामुळे फिरायचं ते वर्ग सुटल्यासुटल्या. रायश्टागचा घुमटही बघा, फुकट आहे, फक्त आधी नोंदणी करावी लागते. म्युझियम आयलंडवरचं पेर्गामोन म्युझियम 2023 पासून दुरुस्तीसाठी बंद आहे, त्यामुळे ते राहिलं म्हणून तुम्हाला तरी घरी कुणी बोलणार नाही.