प्रवेशपत्र हातात, पण गणितात नापास

प्रश्न : मुलगी सीबीएसईच्या शाळेत बारावीला आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं प्रवेशपत्र डिसेंबरातच आलं. जानेवारीच्या पूर्वपरीक्षेत मात्र गणितात ८० पैकी १९ गुण मिळाले. विद्यापीठाला कळवायचं का? प्रवेश जाईल का?
— एक पालक, कोथरूड

उत्तर : आधी प्रवेशपत्र काढून शेवटपर्यंत वाचा. शेवटच्या वर्षाची कामगिरी आधीसारखीच राहिली पाहिजे, अशी अट बहुतेक पत्रांत असते. कॉमन अ‍ॅपवरून (अनेक विद्यापीठांसाठीच्या एकाच ऑनलाइन अर्जातून) अर्ज केला असेल, तर शाळेचे समुपदेशक वर्षाच्या मध्यावर मिडइयर रिपोर्ट आणि निकालानंतर फायनल रिपोर्ट पाठवतात. म्हणजे गुण लपून राहणार नाहीत. ते मुलीकडून आधी कळतात की अहवालातून, एवढंच तुमच्या हातात आहे. मिडइयर रिपोर्ट गेला का आणि त्यात पूर्वपरीक्षेचे गुण होते का, हे समुपदेशकांना उद्याच विचारा.

मग मुलीनेच ईमेल लिहावा. पालकांनी नाही, एजंटाने तर अजिबात नाही. दीडशे-दोनशे शब्द पुरतात : विषय, गुण, कुठे चुकलं, आता काय करते आहे. ‘कॅल्क्युलसचा भाग कच्चा होता, आठवड्याला दोन सराव-पेपर सोडवून शिक्षकांकडून तपासून घेते’ अशा वाक्याला वजन येतं. ‘पेपर अवघड होता’ याला येत नाही. आजारपण खरं असेल तरच लिहा आणि कागद जोडा. खोटा दाखला उघड झाला, तर वाचू शकणारा प्रवेशही जातो.

विद्यापीठं खुलासा मागतात, ताकीद देतात, शिष्यवृत्ती कमी करतात किंवा प्रवेश रद्द करतात. एखाद्या ऐच्छिक विषयात घसरण झाली तर बऱ्याचदा समजून घेतात. पण इंजिनिअरिंगला गणित म्हणजे पायाच, म्हणून तुमच्या बाबतीत धोका जास्त आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठासारख्या काही संस्थांत तर नापास श्रेणी स्वतःहून कळवणं बंधनकारकच असतं.

तरी खरी कसोटी बोर्डाची आहे. अमेरिकेतल्या शाळेत एखाद्या विषयात एफ (नापास श्रेणी) मिळूनही पुरेशी क्रेडिट्स असली तर विद्यार्थी शाळा पूर्ण करू शकतो. आपल्याकडे मुख्य विषय राहिला की कम्पार्टमेंट (त्या विषयाची पुरवणी परीक्षा) येते आणि बारावी उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्रच मिळत नाही. पुरवणी परीक्षा साधारण जुलैत होते, अमेरिकेतलं सत्र ऑगस्टात सुरू होतं. या दोन तारखांमध्ये अंतिम गुणपत्रक पोचवण्याइतका वेळ क्वचितच उरतो. १ मेपर्यंत भरायची जागा-निश्चितीची रक्कम सहसा परत मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. ३५० डॉलरची सेव्हिस फी (विद्यार्थी व्हिसासाठी अमेरिकी सरकारला भरायची) आणि विमानाचं तिकीट यांची घाई निकालाआधी करू नका. प्रवेश रद्द झाला तर आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) हाही निरुपयोगी होतो. आणि एमएचटी-सीईटीचा (राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचा) अर्ज भरून ठेवा, पुण्यातला रस्ता मोकळा राहू दे.

प्रश्न : मी राज्य मंडळाच्या बारावीत फिजिक्समध्ये नापास झालो, पण सीईटीत ९२ पर्सेंटाइल आहेत. ते वाया गेले का?
— एक विद्यार्थी, हडपसर

उत्तर : इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी सीईटीवर लागते, पण पात्रतेला बारावी उत्तीर्ण असणं आणि ठरलेल्या तीन विषयांत मिळून ४५ टक्के (राखीव प्रवर्गाला ४०) लागतात. त्यामुळे फक्त ३५ चं लक्ष्य ठेवून पुरवणीला बसू नकोस, तिन्ही विषयांची बेरीज आधी करून बघ. उत्तरपत्रिकेची छायाप्रत माग. तिच्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही. आणि त्या निकालाची वाट पाहत पुरवणीचा अर्ज भरायचा राहून जातो, ही चूक बरेच जण करतात. दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात भर. पुरवणीचा निकाल लागेपर्यंत कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेऱ्या उरकलेल्या असू शकतात. तेव्हा रिक्त जागांच्या सूचना सीईटी सेलच्या संकेतस्थळावर रोज बघ. दहावीच्या गुणांवर तीन वर्षांचा डिप्लोमाही करता येतो, पण त्याचे अर्ज बारावीच्या पुरवणीसाठी थांबत नाहीत.