'क्लोस-निट' वस्ती आणि 'फ्रेंडली' वस्ती

प्रश्न असा आहे: शेजारीपाजारी एकमेकांना धरून राहतात अशा वस्तीला इंग्रजीत 'क्लोज-निट नेबरहुड' म्हटलेलं चालेल का, की सरळ 'फ्रेंडली' म्हणावं?

चालेल की. फक्त आधी उच्चार. इथला शब्द 'जवळ' या अर्थाचा, म्हणून शेवटी 'स': क्लोस-निट. शेवटी 'झ' येतो तो 'बंद करणे' या क्रियापदात. 'क्लोझ-निट' म्हणालात तर जवळिकीचं दार बंद झालं! गंमत म्हणजे अशा काही वस्त्यांना ते लागूही पडतं.

कारण 'क्लोस-निट' फक्त आतल्यांचं आपसातलं नातं सांगतो. बाहेरून आलेल्याला ते कसं वागवतात, याबद्दल अवाक्षर नाही. तीन पिढ्या एकमेकांच्या सुखदुःखाला धावून जाणारी माणसं नव्या भाडेकरूकडे वर्षभर ढुंकूनही पाहत नसतील, तरी ती वस्ती क्लोस-निटच. 'फ्रेंडली'चं नेमकं उलट. तिथे पहिल्याच दिवशी कोणीतरी हसून चौकशी करेल, पण अडीअडचणीला हाक मारावी इतकी ओळख असेलच असं नाही. तुमच्या वस्तीत दोन्ही असेल तर दोन्ही शब्द बेलाशक लिहा.

'निट' म्हणजे विणणे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता 'गाठ मारणे', आणि गाठीला असलेला 'नॉट' हा शब्द त्याच्याच कुळातला. दोन्हींच्या स्पेलिंगात सुरुवातीला 'के' आहे. एके काळी तो उच्चारलाही जाई. 'नेबर'ची फोड तर अगदी सरळ: जवळ राहणारा.

आपल्यालाही ही विणकाम-कल्पना परकी नाही. नात्यांची वीण घट्ट असते, सैल होते, नाती उसवतात. पण ही वीण नात्यांची, वस्तीची नव्हे. म्हणून 'घट्ट विणलेली वस्ती' हे भाषांतर माझ्या कानाला खटकतं. 'घरोबा' सहसा दोन घरांमधला, आणि 'सलोखा' म्हटलं की आधी भांडणं झाली असावीत असा वास येतो (निदान मला तरी). त्यापेक्षा 'वस्तीत एकोपा आहे' बरं. आणि बोलताना? तुमच्या प्रश्नातच आहे की: एकमेकांना धरून राहणारी माणसं.

हो, व्याकरणाचं राहिलं. 'क्लोस-निट' नामाच्या आधी आला की मध्ये जोडरेघ द्या. 'क्लोसली निट' लिहिणार असाल तर नको.