ऑयलर समीकरण सुटलं, तरी अनंत कालावधीच्या प्रश्नाचं उत्तर इष्टतम का नाही?

तुम्ही लिहिलंय की एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये इंटिग्रलची वरची मर्यादा अनंत घेतली, ऑयलर समीकरण (इष्टतम, म्हणजे सर्वांत चांगल्या, योजनेने प्रत्येक क्षणी पाळायची अट) व्यवस्थित सोडवलं, तरी गाइड म्हणतात हे उत्तर इष्टतम नाही. मी माटुंग्याला गणित शिकवते, दरवर्षी कुणीतरी इथेच अडकतं. गाइडचं म्हणणं पटण्यासारखं आहे.

दादरच्या एखाद्या जुन्या इमारतीची टाकी घ्या. पाणी 1 एकक, टँकर पुन्हा कधीच येणार नाही. वापराचा वेग ‘व’ असेल तर क्षणाचं समाधान लॉग(1+व), लॉग नैसर्गिक. आजच्या आणि शंभर वर्षांनंतरच्या समाधानाला सारखंच वजन. एकूण समाधान जास्तीत जास्त करायचंय.

ऑयलर सांगतो: ‘व’ स्थिर ठेवा. पण स्थिर वेग शून्याहून जरा जरी जास्त असला तरी टाकी कधीतरी कोरडी पडणारच. म्हणजे उरला फक्त व = 0. भरल्या टाकीखाली तहानेने बसायचं! समीकरण तंतोतंत पाळलं जातं आणि एकूण समाधान शून्य, याहून वाईट योजना शक्यच नाही. कारण ऑयलर फक्त आजचं थोडं पाणी उद्यावर ढकलून फायदा होतो का, एवढंच तपासतो. सगळंच कायमचं पुढे ढकललं गेलंय, हे त्याच्या नजरेच्या टप्प्यात येत नाही.

मग खरं उत्तर कोणतं? नाहीच! 1 दिवसात समान वेगाने पाणी संपवलं तर समाधान 0.693, 10 दिवसांत 0.953, 100 दिवसांत 0.995. आकडा 1 च्या जवळ सरकत राहतो, गाठत मात्र नाही.

आता दिवसाला 5 टक्के दराने डिस्काउंटिंग लावा, म्हणजे पुढच्या समाधानाला दिवसागणिक कमी वजन द्या. वापर हळूहळू घटत जातो, साधारण 6 दिवसांत टाकी रिकामी होते आणि हे उत्तर खरोखर इष्टतम असतं. गणितज्ञ फ्रँक रॅम्से यांना मात्र पुढच्या पिढ्यांचं सुख असं कमी लेखणं नैतिकदृष्ट्या मान्य नव्हतं. 1928 च्या बचतीवरच्या लेखात त्यांनी सुखाची एक कमाल पातळी मानली आणि तिच्यापासूनची तूट कमीत कमी करायला घेतली, म्हणजे इंटिग्रल सांत (मर्यादित) राहू शकतं. 1965 मध्ये अर्थशास्त्रज्ञ वाइत्सेकर यांनी दोन योजनांची तुलना सांत काळापर्यंत करून कोण कायमची पुढे जाते ते पाहायची पद्धत मांडली. आपल्या टाकीला तीही वाचवत नाही, जास्त संथ योजना नेहमीच शेवटी पुढे जाते.

एक सावधगिरी. सांत काळात शेवट मोकळा असेल (शेवटी किती साठा उरावा यावर बंधन नसेल) तर तिथली छायाकिंमत, म्हणजे साठा जरासा वाढल्यास एकूण समाधान किती वाढेल ते मूल्य, शून्य होते, म्हणून अनंताकडेही ती शून्याकडे जाईल असं बरेच जण गृहीत धरतात. गणितज्ञ हॅल्किन यांनी 1974 मध्ये उलट उदाहरण देऊन हे खोडलं. तुमचं समाधानाचं फलन कॉन्केव्ह असेल (वापर वाढेल तसा जादा फायदा घटत जाणारं, लॉगसारखं) आणि साठा ऋण होऊ शकत नसेल, तर छायाकिंमत गुणिले साठा शून्याकडे जातो का ते तपासा. ऑयलरसोबत हेही जमलं, तर इष्टतमता सिद्ध होते. टाकीच्या व = 0 मध्ये हा गुणाकार कायम 1 राहतो.