मेनफ्रेम टेप आणि डीआरची नोकरी: घ्यावी का, आणि घेतली तर काय शिकावं?

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. मुलगी कराडला बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसमधून पुण्यातल्या एका आयटी सर्व्हिसेस कंपनीत तिची निवड झाली आहे आणि ऑफर लेटरवर ‘मेनफ्रेम स्टोरेज – टेप बॅकअप आणि डिझास्टर रिकव्हरी’ असं लिहिलंय. (मेनफ्रेम म्हणजे बँकांसारख्या ठिकाणचे मोठे कॉम्प्युटर, टेप म्हणजे डेटा साठवायची चुंबकीय फीत, आणि डिझास्टर रिकव्हरी किंवा डीआर म्हणजे आपत्तीनंतर सगळं परत उभं करणं.) मैत्रिणी क्लाउडकडे चालल्या आहेत, टेप म्हणजे जुनीपुराणी गोष्ट, वर दोन वर्षांचा बॉन्ड. म्हणून नाही म्हणावं का, असं तुम्ही विचारलंय.

काम खरोखर डीआरचं असेल, तर नाही म्हणू नका. नुसतं टेपवर नजर ठेवायचं असेल, तर मात्र दोनदा विचार करा. ऑफर लेटरवर दोन्ही कामांना एकच नाव असतं, त्यामुळे फरक नीट समजून घ्यायला हवा.

टेप संपलेली नाही. आयबीएमने कॉम्प्युटरसाठी पहिली टेप ड्राइव्ह १९५२ साली आणली आणि २०२३ मध्ये आणलेल्या टीएस११७० ड्राइव्हची एक कार्ट्रिज (टेपची डबी) कॉम्प्रेशन न धरता ५० टीबी घेते. आता बहुतेक ठिकाणी मेनफ्रेमसमोर टीएस७७००सारखी व्हर्च्युअल टेप असते. मेनफ्रेमला वाटतं आपण टेपवर लिहितोय, डेटा आधी डिस्कवर उतरतो आणि मागे खरी टेप लायब्ररी (कार्ट्रिज ठेवणारं आणि लावणारं यंत्र) असेल तर नंतर तिकडे जातो. शिवाय लायब्ररीतून काढून तिजोरीत ठेवलेल्या कार्ट्रिजपर्यंत रॅन्समवेअर नेटवर्कवरून पोचू शकत नाही. मागणी नियमांमुळेही टिकून आहे. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयटी गव्हर्नन्स निर्देशांनुसार महत्त्वाच्या सिस्टिम्सचं डीआर ड्रिल (आपत्तीची रंगीत तालीम) निदान सहा महिन्यांतून एकदा करावं लागतं. युरोपातल्या बँकांना जानेवारी २०२५ पासून आयटी यंत्रणा संकटातही तग धराव्यात यासाठीचा डोरा कायदा लागू आहे.

आता प्रत्यक्ष काम. पुढचा भाग मुलीलाही वाचायला द्या.

डीआरचं नियोजन दोन आकड्यांपासून सुरू होतं: किती तासांचा डेटा गेला तर चालेल (आरपीओ) आणि किती तासांत सगळं परत उभं राहायला हवं (आरटीओ). ‘रोज रात्री बॅकअप घेतो, म्हणजे आरपीओ २४ तास’ असं सर्रास लिहिलं जातं, आणि ते चुकीचं असतं. समजा, बॅकअप रात्री १२ वाजता सुरू होतो, पहाटे ४ ला संपतो आणि टेप घेऊन जाणारी गाडी सकाळी १० ला निघते. बुधवारी सकाळी साडेनऊला आग लागली, तर बुधवारच्या टेप अजून त्याच इमारतीत आहेत. बाहेर सुरक्षित आहेत त्या मंगळवारच्या, म्हणजे सोमवार संपून मंगळवार सुरू होतानाच्या रात्री १२ ची स्थिती दाखवणाऱ्या. नुकसान साडेतेहतीस तासांचं.

आरटीओचंही तसंच. ४० टीबी परत आणायचाय, टीएस११६० ड्राइव्ह सेकंदाला ४०० एमबी देते, ड्राइव्ह ८ आहेत. कागदावर साडेतीन तास होतात. पण त्या ड्राइव्हची एक कार्ट्रिज २० टीबीची असते आणि एका वेळी ती एकाच ड्राइव्हमध्ये बसते. सगळा डेटा दोनच कार्ट्रिजवर दाटीवाटीनं भरला असेल, तर सहा ड्राइव्ह रिकाम्या बसतील आणि साडेतीनचे जवळजवळ चौदा तास होतील. त्यामुळे महत्त्वाचा डेटा मुद्दाम अनेक कार्ट्रिजवर पसरावा लागतो. हा निर्णय बॅकअप घेतानाच होतो, आपत्तीच्या दिवशी त्यात काही करता येत नाही.

मग येतो क्रम. कोऱ्या मशीनवर झेड/ओएस (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) नसतं. म्हणून आधी टेपवरून स्टँडअलोन डीएसएस (ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय चालणारा रिस्टोअर प्रोग्रॅम) किंवा छोटी रेस्क्यू सिस्टिम आयपीएल (म्हणजे बूट) करायची, आयसीकेडीएसएफ या प्रोग्रॅमने डिस्क इनिशियलाइझ करायच्या, सिस्टिमचे व्हॉल्यूम (डिस्क) आणि मास्टर कॅटलॉग (कुठला डेटा कुठे आहे याची मुख्य यादी) रिस्टोअर करायचे. त्यानंतर रॅकफचा (सुरक्षा आणि परवानग्यांचा) डेटाबेस, युजर कॅटलॉग, टेप मॅनेजमेंटची नोंद (आरएमएम किंवा सीए-१), एचएसएम या डेटा आपोआप टेपवर हलवणाऱ्या आणि बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमचे कंट्रोल डेटासेट (त्याच्या नोंदींच्या फाइल), आणि मग अॅप्लिकेशनचा डेटा. डीबी२ डेटाबेस असेल तर इमेज कॉपी (त्याची पूर्ण प्रत) परत आणून त्यावर लॉग (नंतरच्या बदलांची नोंद) चढवायचे. यातली एक पायरी मागेपुढे झाली की पुढचं अडतं.

बहुतेक ड्रिल टेप खराब झाल्यामुळे फसत नाहीत. टेप असते, पण तिच्यावर काय आहे हे सांगणारी नोंद वेगळ्या वेळेची असते. एचएसएमचे कंट्रोल डेटासेट रात्री ११ चे आणि टेप पहाटे ४ च्या, असं झालं की मधल्या पाच तासांत लिहिलेलं एचएसएमच्या लेखी अस्तित्वातच नाही. म्हणून कंट्रोल डेटासेट आणि कॅटलॉग यांचा बॅकअप सगळ्यात शेवटी घ्यायचा आणि त्याच गाडीनं पाठवायचा.

दुसरा सापळा किल्ल्यांचा. टेप एन्क्रिप्टेड, किल्ल्या देणारा की मॅनेजर एका एलपारवर (मेनफ्रेमच्या एका स्वतंत्र हिश्श्यावर), आणि तो एलपार रिस्टोअर करायचा त्याच एन्क्रिप्टेड टेपवरून. या चक्रातून बाहेर पडायला वाट नाही. की मॅनेजरची दुसरी प्रत डीआर साइटवर आधीपासून चालू हवी आणि तिचा बॅकअप त्याच किल्ल्यांनी कुलूपबंद केलेला नसावा.

तिसरा सापळा ड्रिलमध्येच दडलेला असतो. डीआर साइटवर सिस्टिम उभी राहिली, नेहमीचं हाउसकीपिंग आपोआप सुरू झालं आणि मुदत संपली म्हणून खऱ्या प्रॉडक्शनच्या टेप स्क्रॅच (म्हणजे पुन्हा वापरायला मोकळ्या) झाल्या! त्यामुळे ड्रिलच्या सिस्टिमवर एचएसएमची आपोआप चालणारी कामं होल्डवर आणि आरएमएमचं एक्स्पायरेशन बंद ठेवायचं, स्क्रॅच कॅटेगरी वेगळी द्यायची, टीएस७७००वर राइट प्रोटेक्ट (लिहायला बंदी) आणि ड्रिलसाठीचा फ्लॅशकॉपी (त्या क्षणाची प्रत) वापरायचा.

‘आमच्याकडे ग्रिड आहे, दोन ठिकाणी कॉपी होते’ एवढ्यावरही विसंबू नये (ग्रिड म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या, एकमेकींना जोडलेल्या टीएस७७००). कॉपी डिफर्ड (मागाहून करायच्या) मोडमध्ये असेल तर रांगेत थांबलेले व्हॉल्यूम (इथे व्हर्च्युअल टेप) आपत्तीच्या क्षणी दुसरीकडे पोचलेलेच नसतात. टीएस७७००च्या बीव्हीआयआर सुविधेतून कॉपी ऑडिट (न झालेल्या कॉपींचा अहवाल) काढून अशा व्हॉल्यूमची यादी रोज बघायची असते. आणि चुकून किंवा मुद्दाम खोडलेला डेटा ग्रिड तितक्याच इमानदारीनं दुसऱ्या ठिकाणीही खोडतं.

या सगळ्याचा क्रम आणि कारणं ज्याला माहीत आहेत, ज्यानं रनबुक (कुठल्या पायरीवर काय करायचं त्याची वही) लिहून ते ड्रिलमध्ये सिद्ध केलंय, त्याला स्टोरेज अॅडमिन, सिस्टिम प्रोग्रॅमर आणि पुढे कुठल्याही प्लॅटफॉर्मवरचं डीआर नियोजन, या सगळ्या वाटा खुल्या राहतात. क्लाउडवरही आरपीओ, किल्ल्या आणि कॅटलॉग हेच प्रश्न येतात. टेपचा डेटा क्लाउडवर नेण्याची कामंही आता याच टीमकडे येतात.

जॉइनिंगपर्यंत वेळ आहे, तर मुलीनं आयबीएम झेड एक्सप्लोर हा मोफत अभ्यासक्रम करावा. जेसीएल (मेनफ्रेमला काम सांगायची भाषा) आणि डेटासेट (मेनफ्रेमच्या फाइल) तिथं हाताखालून जातात. सोबत लॅपटॉपवर हर्क्युलिस एम्युलेटर (लॅपटॉपला मेनफ्रेमसारखं वागायला लावणारा प्रोग्रॅम) आणि एमव्हीएस ३.८ (झेड/ओएसची जुनी पूर्वज) टाकावं. टेप तिथं एडब्ल्यूएस (याचा त्याच नावाच्या क्लाउडशी संबंध नाही) फाइलच्या रूपात असते. एक डिस्क टेपवर डंप करावी, ती डिस्क पुसावी, मग कुठलीही नोंद न बघता फक्त स्वतः लिहिलेल्या रनबुकवरून परत आणावी. ज्या पायरीवर अडेल ती रनबुकात लिहायची राहिली होती, असं समजावं.

ऑफर स्वीकारण्याआधी कंपनीला मेल करून हे प्रश्न लेखी विचारा. पहिल्या वर्षात ड्रिलमध्ये प्रत्यक्ष भाग घेता येईल का? जेसीएल आणि रनबुक बदलायची परवानगी असेल, की फक्त अलर्ट बघून तिकिटं वरच्या टीमकडे पाठवायची? रोटेशनमध्ये नाईट शिफ्ट किती? ग्राहक परदेशातले असतील तर नाईट शिफ्ट असणारच, आणि ड्रिल बहुधा शनिवार-रविवारी असतं, त्याला घरच्यांनी तयार राहावं. बॉन्डमध्ये रक्कम किती, ती महिन्यागणिक कमी होते का आणि मूळ प्रमाणपत्रं कंपनी ठेवून घेते का, हे नीट वाचा. मूळ प्रमाणपत्रं मागत असतील तर सही करू नका. आणि पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं गोलमोल आली, तर दुसरी ऑफर हातात असल्यास ती घ्यावी. दुसरी नसेल तर हीच घ्यावी, पण पहिल्याच अप्रेझलमध्ये डीआर टीममध्ये बदली लेखी मागावी.