शिक्के फक्त लग्नाच्या दाखल्यावर

"मॅडम, आमचं भांडण होत नाही. झालं तर बरं, असं वाटायला लागलंय. मी शाळेतून येते तेव्हा हे घरात असतात, चहा ठेवलेला असतो, भाजी चिरलेली असते. पण घरात आवाज म्हणून नाही. ह्यांना इथं आणून मी चूक केली का?"

मी समुपदेशन करते. अमिरातीतल्या शारजाच्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवणाऱ्या बाईंनी मला हे लिहिलं होतं. शिकवायला परदेशी गेलेल्या आणि जोडीदाराला मागोमाग नेलेल्या लोकांकडून हा प्रश्न थोड्याफार फरकाने सारखा येतो. पुरुष शिक्षकही विचारतात. मात्र त्यांच्या प्रश्नात बायकोला 'करमत नाही' एवढंच असतं. नवरा बायकोच्या व्हिसावर गेला की त्याच न करमण्याला लाज चिकटते, आणि मग त्याबद्दल दोघंही बोलत नाहीत. म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहिते आहे. दोघांनीही लिहायला होकार दिलाय. नावं आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

त्यांना माधुरीताई आणि संजयराव म्हणू. दोघंही पंचेचाळिशीच्या आसपासचे, कोल्हापूरचे. संजयराव शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मेंटेनन्सला होते, सतरा वर्षं. तिथल्या शिफ्टा कमी झाल्या, घराचे हप्ते चालू होते, मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. त्याच सुमारास माधुरीताईंना शारजाची नोकरी मिळाली. आधी त्या गेल्या आणि आठ महिन्यांनी संजयराव. बायकोला नवऱ्याला स्पॉन्सर करता येतं, त्यासाठी पगाराची किमान अट असते आणि ती त्यांच्या पगारात बसत होती. कागद सरळ झाले.

पहिल्या ऑनलाइन सेशनला माधुरीताई एकट्याच स्क्रीनवर होत्या. बोलता बोलता बाजूने एक हात आला, चहाचा कप ठेवून गेला. मी विचारलं, "संजयराव आहेत का? दोन मिनिटं येतील का?" हात परत दिसला नाही. "ते म्हणतायत, प्रॉब्लेम तुला आहे, तू बोल."

दुसऱ्या वेळी आले. खुर्ची कॅमेऱ्याच्या जरा बाहेरच ठेवून बसले. मी आधी नेहमीचे प्रश्न विचारले. झोप लागते का, जेवण जातं का, पिणं वाढलंय का, जगून काय उपयोग असं मनात येतं का. हे प्रश्न मी कुणालाही गाळत नाही, समोरचा कितीही ठणठणीत दिसो. झोप उशिरा लागत होती, रात्रीचे दोन वाजत, बाकी काही नव्हतं. यातल्या शेवटच्या प्रश्नाला 'हो' असेल, किंवा सलग दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, तर गप्पांवर भागवू नये, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं. अमिरातीत असाल तर भारतीय वाणिज्य दूतावासाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्रही दुबईत आहे, तिथेही समुपदेशनाची सोय होते.

मग माझ्याकडून एक चूक झाली. मला वाटलं, माणूस रिकामा बसलाय, कामाला लागला की सुटेल. मी बायोडेटा करायला सांगितलं. त्यांनी केला, पंधरा-वीस ठिकाणी पाठवला. कुठूनच उत्तर आलं नाही. पुढच्या सेशनला खुर्ची अजून थोडी बाहेर गेली होती. जो माणूस रोज घरच्यांपुढे नापास होतोय असं समजतो, त्याला मी नापास व्हायची आणखी एक जागा काढून दिली होती. मी त्यांची माफी मागितली. त्यावर ते पहिल्यांदा आपणहून बोलले: "तुमची काय चूक, मॅडम. माझे कागदच इथं नाहीत."

म्हणजे काय, ते नंतर कळलं. आपल्याकडचं कागदपत्र तिकडे चालायचं तर त्यावर राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास अशा टप्प्यांनी शिक्के लागतात. निघताना संजयरावांच्या एकाच कागदावर हे सगळे शिक्के मारून घेतले होते, लग्नाच्या दाखल्यावर. व्हिसाला तेवढाच लागत होता. त्यांचा मेकॅनिकलचा डिप्लोमा कोल्हापूरला माळ्यावरच्या ट्रंकेत राहिला. कुशल कामाच्या परमिटसाठी शिक्षणाचे असेच शिक्के मारलेले कागद मागतात. म्हणजे त्या देशात त्यांची कागदोपत्री ओळख एकच होती, ती म्हणजे माधुरीचा नवरा. हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं. दोघांपैकी कुणाला सुचलंच नव्हतं, आणि मला वाटतं या सगळ्या गोष्टीची गाठ तिथेच होती.

ओटीपीचंही असंच. खातं माधुरीताईंच्या नावावर, कार्ड त्यांचं, मोबाइल नंबर त्यांचा. संजयरावांना ऑनलाइन काही घ्यायचं म्हटलं की ओटीपी जायचा बायकोच्या फोनवर. वर्गात फोन न्यायची परवानगी नाही, फोन स्टाफरूमच्या लॉकरमध्ये. एकदा त्यांनी दाढीचं सामान मागवायला घेतलं, ओटीपी येईना, चार मिनिटांनी व्यवहार रद्द. परत केला, परत रद्द. त्या वेळी माधुरीताई दहावीला त्रिकोणमिती शिकवत होत्या. मधल्या सुट्टीत फोन बघितला तर सहा ओटीपी आणि एकही मिस्ड कॉल नाही. "मला एवढं वाईट वाटलं," त्या म्हणाल्या, "की मी त्याबद्दल काही बोललेच नाही. येताना ते सामान घेऊन आले." संजयराव शांतपणे म्हणाले, "आणि मी दाढी वाढवली."

खर्चाचे पैसे त्या दर आठवड्याला टेबलावरच्या डब्यात ठेवत, त्यांना मागावं लागू नये म्हणून. त्यांच्या मनात फक्त माया होती. पण डब्यात हात घालताना संजयरावांना रोज काय वाटतं, हे माधुरीताईंनी विचारलं नव्हतं आणि संजयरावांनी सांगितलं नव्हतं.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो दुपारपर्यंत पोचायला. सकाळी सहाला शाळेची बस, साडेतीनला माधुरीताई घरी, साडेचार ते सात हॉलमध्ये शिकवणी. तिकडे घरी शिकवणी घ्यायची तर परवाना लागतो. २०२३ च्या डिसेंबरपासून तो रीतसर मिळू लागला, फुकट, दोन वर्षांचा. माधुरीताईंनी काढला होता. एका बेडरूमचं घर, हॉलमध्ये मुलं, म्हणजे ते अडीच तास संजयराव कुठे?

"बेडरूममध्ये असतात," माधुरीताई म्हणाल्या.

"खाली जातो," संजयराव म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. माधुरीताईंना हे ठाऊकच नव्हतं. आधी संजयराव बेडरूममध्येच बसत. पण टीव्ही हॉलमध्ये, खोकला आला तरी मुलं दाराकडे बघणार, म्हणून ते हळूच बाहेर पडत. खाली कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियात एक कडक चहा, मग बिल्डिंगच्या वॉचमनशेजारी. जुलै-ऑगस्टमध्ये त्या वेळी बाहेर चाळीसच्या वर तापमान असतं. तिकडे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्यानेच बंदी असते, यावरून अंदाज यावा. वॉचमनने पहिल्याच आठवड्यात विचारलं, कुठे काम करता? संजयराव म्हणाले, नाइट शिफ्ट आहे. मग ते निभवावं लागलं. संध्याकाळी साडेसातनंतर खाली जायचं नाही, कारण मग ड्यूटीवर का नाही गेलात? रात्री जेवून फिरायला जाऊ असं बायको म्हणायची, तर पाय दुखतात, डोकं दुखतं. चार महिने. माधुरीताईंची समजूत झाली होती की ह्यांना आपल्याबरोबर चार पावलं चालायचीही इच्छा राहिलेली नाही.

त्या सेशनला नंतर फारसं कुणी बोललं नाही. मीही नाही.

माझं मत असं झालंय की अशा घरांमध्ये 'रिकामपण' हा शब्द लोक फार लवकर वापरतात. संजयराव रिकामे नव्हते. स्वयंपाकाची तयारी, धुणं, वाणसामान सगळं बघत होते. त्यांना नव्हती ती स्वतःच्या नावाने उभं राहायची जागा. गावी गल्लीत, फाउंड्रीत, तालमीजवळच्या कट्ट्यावर ती आयती होती. शारजात जुन्या मित्रांशी बोलायचं तर व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल लागत नाही, बोटिम नावाचं कॉलचं अ‍ॅप घ्यावं लागतं. 'बोटिम टाकून घे की' एवढं मित्राला सांगायचं, तर पुढचा प्रश्न येणार, काय चाललंय तिकडं? म्हणून तेही नाही. गेल्या गणपतीत घरी गेले तेव्हा एका पाहुण्याने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काय संजयराव, रजा लांबली वाटतं?" ते त्यांनी मला शब्दन् शब्द सांगितलं. माधुरीताई त्या वेळी स्वयंपाकघरात होत्या, त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट बोलण्यातून पुढे आली, ती दोघांनाही नवी होती. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण कोल्हापूरच्या घरात सासू-सासरे, दीर-जाऊ, पोरं. यांची शिफ्ट, त्यांची शाळा. माधुरीताई म्हणाल्या, "दार लावून दोघंच बसलोय, असं आमचं कधी झालंच नाही हो. काय बोलायचं असतं दोघांनी?" शारजात २०२२ पासून आठवडा चार दिवसांचा आहे, शुक्रवार, शनिवार, रविवार शाळेला सुट्टी. बाकीच्यांना हेवा वाटावा अशी सोय. या दोघांना ते तीन दिवसच सगळ्यात जड जात होते. परदेशाने त्यांचं नातं बिघडवलं नव्हतं. घरातली माणसं बाजूला झाल्यावर दोघं पहिल्यांदा समोरासमोर आले होते, आणि त्याची सवय नव्हती.

पुढे जे केलं ते किरकोळ वाटेल. संजयरावांच्या नावाने वेगळं बचत खातं उघडलं. पगार नसलेल्या जोडीदाराला ते उघडता येतं, कागद आणि किमान शिल्लक बँकेप्रमाणे बदलते. नंबर त्यांचा, ओटीपी त्यांना. पगाराच्या दिवशी ठरलेली रक्कम आपोआप तिकडे जाते. डबा उचलून ठेवला. माधुरीताईंनी शिकवणी पाच दिवसांवरून तीनवर आणली. त्यात पैसे गेले आणि त्यांना ते लागले, खोटं कशाला सांगू? हप्त्यांचं गणित त्यांनीच मला मांडून दाखवलं. पण संध्याकाळचे दोन दिवस हॉल मोकळा झाला.

डिप्लोमाचं काम मुलीने केलं. दिवाळीला घरी गेली तेव्हा माळ्यावर चढून ट्रंक काढली, फाइलचा फोटो पाठवला. फाइलमध्ये डिप्लोमाबरोबर तिच्या लहानपणीचं लसीकरणाचं कार्डही निघालं. कागद शिक्के होऊन यायला वेळ लागला, पण त्या मधल्या काळात 'कुठवर आलं?' असं विचारण्यासारखं संजयरावांचं काहीतरी घरात होतं. बायकोच्या स्पॉन्सरशिपवर असलेल्या माणसालाही वर्क परमिट निघालं की तिथे नोकरी करता येते. परमिटशिवाय मात्र एक दिवसही नाही, ओळखीच्या गॅरेजमध्ये 'नुसती मदत' म्हणूनही नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण रिकामपणाला कंटाळून माणसं हीच चूक करतात आणि त्याचा त्रास दोघांना होतो.

आपल्याकडचं लायसन्स तिकडे सरळ बदलून मिळत नाही, साधारणपणे क्लास करून टेस्ट द्यावी लागते. संजयरावांनी क्लास लावला, स्वतःच्या खात्यातून. रोड टेस्टला पहिल्यांदा नापास झाले. मला धास्ती वाटली होती, पण ते घरी येऊन स्वतःच म्हणाले, "राउंडअबाउटला घातलं चुकीच्या लेनमध्ये." माधुरीताई म्हणाल्या, कितीतरी महिन्यांनी ह्यांनी स्वतःचं अपयश माझ्याजवळ बोलून दाखवलं.

ज्यांचं अजून जायचं ठरतंय त्यांना मी एवढंच सांगते: शिक्के मारायला द्याल तेव्हा दोघांचेही कागद द्या, एकाला सध्या गरज नसली तरी. इथून ते सोपं आहे, तिकडून इकडे कुणाला तरी धावायला लावावं लागतं. आणि विमानात बसायच्या आधी हा प्रश्न एकमेकांना मोठ्याने विचारा की सकाळी अकरा वाजता, जो कामावर जाणार नाही तो काय करत असेल आणि कुणाशी बोलत असेल. याला दोघांपैकी कुणाकडेच उत्तर नसेल तर आधी व्हिजिट व्हिसावर महिनाभर राहून बघा.

वॉचमनचं राहिलं. संजयरावांनी त्याला खरं सांगितलं, नोकरी नाही, बायको शिक्षिका आहे. तो म्हणाला, माहीत होतं. नाइट शिफ्टचा माणूस भर दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून बसत नाही. त्या रात्री संजयराव आणि माधुरीताई जेवून अल मजाझच्या पाण्याकाठी चालत गेले.

गेल्या आठवड्यात मला एका नव्या नंबरवरून मेसेज आला. "मॅडम, संजय बोलतोय. शनिवारचं सेशन पुढं ढकलता येईल का? अजमानला इंटरव्ह्यू आहे. माधुरी म्हणते, ती एकटी बसणार नाही."